धुळे–जळगाव, मार्गे पारोळा

संकट आलं की कुटुंब एकत्र येतं, हे सत्य मी सतराव्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत कुटुंब एकत्र आलं. एकोणीस माणसं होती. चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं, मोरीपुढे रांग लागायची, आणि आजारी माणूस सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर शांत पडलेला असताना त्याच्यावरचे उपाय आमच्या ओसरीत ठरत होते. चोपड्याच्या आत्याबाईंनी जिभेला चोळायला अक्कलकारा आणला होता. साक्रीकडच्या कुणी तरी पायाला लावायला कबुतराचं रक्त सुचवलं, आणि दोघं जण ते आणायला निघालेही. वाटेत त्यांना कबुतराची दया आली की उन्हाचा कंटाळा, ते माहीत नाही, पण रिकाम्या हातानं परत येऊन ते जेवायला बसले. आठवड्याभरात मंडळी पांगली. माय रिकाम्या डब्यांकडे बघत एवढंच म्हणाली, "बठ्ठा च्या पी ग्यात." सगळे चहा पिऊन गेले. आमच्या अहिराणीत 'बठ्ठा' म्हणजे सगळा. या शब्दाचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून अर्थ आधीच सांगून ठेवते.

आमचं घर एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. आबा स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगणारे. इतरांचे वडील संध्याकाळी घरी यायचे. आमचे दिवसभर घरातच असायचे, भोंग्यातून. मायच्या स्वयंपाकाला घड्याळ लागत नव्हतं. शिरपूर गाडी लागली की डाळ शिजत घालायची, जळगाव गाडी लागली की कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायला घ्यायचं. गाडी उशिरा आली तर आमची जेवणंही उशिरा. भोंग्यातले आबा छापील पुस्तकासारखे बोलायचे: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. धुळे–जळगाव. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव. फलाट क्रमांक चार." त्यात 'पारोळा'तला 'ळ' ते असा काही म्हणायचे की दोन पेठा पलीकडच्या माणसालाही आपण पारोळ्याला जावं असं वाटावं. घरी आले की मात्र चपलांबरोबर ही भाषाही दाराशीच काढून ठेवायचे. "सिंधू, पानी दे वं," एवढं मला म्हणायचे आणि खाटेवर आडवे. माझी धाकटी बहीण रेखा लहानपणी बरेच दिवस समजत होती की भोंग्यातला माणूस वेगळा आहे आणि तो आबांपेक्षा जास्त शिकलेला आहे.

झटक्यानं त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं नेलं. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. हे वाक्य ते आम्हाला बाजूला घेऊन, पण आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. दहाएक दिवसांनी एक शब्द सापडला. तो होता 'बठ्ठं'. भूक लागली तरी बठ्ठं, कूस बदलायची तरी बठ्ठं, राग आला तरी तेच, फक्त जोरात. आयुष्यभर हजारो लोकांना ज्यांच्या आवाजानं आपापल्या गावी पोचवलं, त्यांच्याकडे एवढाच ऐवज उरला होता. तिकडे भोंग्यातून नवा माणूस बोलू लागला. तो नाकात बोलायचा आणि मुकटीला 'मुक्ती' म्हणायचा. माय ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि पीठ मळायला घेई.

समुपदेशक हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून एक बाई होत्या, साताऱ्याकडच्या, मानेबाई. पस्तिशीच्या असतील. सायकलवरून यायच्या आणि सायकलला कुलूप लावल्यावर ते लागलं का हे दोनदा ओढून बघायच्या. घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्या वॉर्डात एक छापील फॉर्म घेऊन आल्या आणि मायजवळ स्टुलावर बसल्या.

"घरात निर्णय कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

मायनं थोडा विचार केला. "कसाना निर्णय?"

"कुठलाही. महत्त्वाचा."

"भाजी काय करानी, ते मी ठरावस."

बाईंनी ते लिहून घेतलं. मला वाटलं थट्टेनं लिहिलं. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "आणि भाजी कुणाच्या आवडीची होते?" आणि माय बोलू लागली ती पंधरा मिनिटं थांबली नाही. आबांना वांगं चालतं पण बिया काढून, रेखाला डुबुकवड्या लागतात, सिंधूला काय हवं ते तिचं तिलाच माहीत नसतं. हे शेवटचं माझ्याबद्दल होतं. त्या पंधरा मिनिटांत बाईंना आमच्या घराची जेवढी माहिती मिळाली तेवढी फॉर्ममधल्या बावीस प्रश्नांनी मिळाली नसती. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी फक्त हिशेब केला की बावीसपैकी एकवीस प्रश्न बाकी आहेत.

मध्यंतरी जळगावला एका कार्यशाळेला मला बोलावलं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, निवृत्त झाले, आणि निवृत्त माणसाला वेळ असतो असा समज आहे. व्यासपीठामागे मोठा फलक होता: 'लवचिक कुटुंब, सक्षम समाज'. लवचिक हा शब्द तोवर मी फक्त परकराच्या नाडीऐवजी जे घालतात त्याच्या संदर्भात ऐकला होता. दीपप्रज्वलन झालं, पंख्यामुळे ते तीनदा करावं लागलं, मग एका तरुण वक्त्यानं पडद्यावर लवचिक कुटुंबाची लक्षणं दाखवली: मोकळा संवाद, लवचिक भूमिका, अर्थपूर्ण विधी. सगळी बरोबर होती. मी एकेक लक्षण आमच्या घराला लावून पाहिलं. मोकळा संवाद: एकाला बोलता येत नव्हतं, दुसरीला बोलायची परवानगी नव्हती. दुसरी म्हणजे माय. तिचं पुढे सांगते. अर्थपूर्ण विधी म्हणजे काय हे वक्त्यानं सांगितलं नाही, पण ते बहुधा आमच्याकडे होते.

मानेबाई पहिल्यांदा घरी आल्या ती गोष्ट आमच्याकडे वर्षानुवर्षं सांगितली जाई. त्या दारात उभ्या राहिल्या, आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. बाईंकडे बघून आबा म्हणाले, "बठ्ठं." बाई "हो, बसते की," म्हणाल्या आणि सतरंजीवर बसल्या. आबा चिडून पुन्हा म्हणाले, "बठ्ठं!" बाईंना वाटलं आपण नीट बसलो नाही, त्या सरकून भिंतीला टेकल्या. तिसऱ्यांदा "बठ्ठं" झाल्यावर त्यांनी मांडी घातली. रेखा तोंडावर परकर दाबून आतल्या खोलीत पळाली. पुढच्या दोन भेटींतही हेच. मायला वाटायचं बाई किती समजूतदार, एवढ्या शिकलेल्या पण आजारी माणसाचा मान राखतात. शेवटी मीच त्यांना सांगितलं की बठ्ठं म्हणजे बसा नव्हे. बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की आबांच्या तोंडाची डावी बाजू, म्हणजे जी हलत होती ती, हसली. झटक्यानंतरची ती पहिली वेळ. "तीन आठवडे मी उठाबशा काढतेय," बाई आबांना म्हणाल्या, "आणि तुम्ही सांगत होता दुसरंच. काय सांगत होता?" त्यांनी हे आबांना विचारलं, आम्हाला नाही. डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, सगळे आबांबद्दल आम्हाला विचारत.

याच सुमारास घरात एक प्रकार सुरू झाला होता, तो आम्ही सगळ्यांपासून लपवत होतो. एका दुपारी भोंग्यातून नाकातला आवाज म्हणाला, "धुळे–जळगाव," आणि पुढे खोकला. खाटेवरून आबा म्हणाले, "फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी." स्वच्छ. एकही अक्षर अडखळलं नाही. मायच्या हातातलं पीठ परातीत पडलं. आम्हाला वाटलं बोलणं आलं. तसं नव्हतं. पाणी, भाकर, सिंधू, यातलं काही येत नव्हतं. फक्त हा रस्ता येत होता, तोही धुळ्यापासून सुरू केला तरच. पण दोन-तीन दिवसांत मायच्या लक्षात आलं की ते दर वेळी शेवटापर्यंत जात नाहीत. मध्येच थांबतात आणि बघत राहतात. "धुळे, फागणे," म्हणून थांबले तेव्हा तिनं पाणी दिलं, आणि ते त्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी तहान लागल्यावर ते पुन्हा फागण्यालाच थांबले. हे कुणी कुणाला शिकवलं ते सांगता येणार नाही. महिन्याभरात नकाशा पक्का झाला. फागणे म्हणजे पाणी. मुकटी म्हणजे मोरीकडे न्या. पारोळा म्हणजे जेवण. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबते, तेव्हा ते रास्तच होतं. एरंडोल म्हणजे आडवं करा. आणि पाळधी म्हणजे आलेल्या लोकांना घालवा. पाळधीला पोचायला आधीची सगळी गावं घ्यावी लागत, त्यामुळे पाहुणे जास्त बसले की आबा पुटपुटत सुटायचे आणि पाहुण्यांतलं कुणी तरी हात जोडून म्हणायचं, "देवनं नाव लेई राहिनात." मग माय चहाचे कप उचलायला लागायची. बहुतेकांना इशारा कळायचा.

बाहेर सांगायची आम्हाला लाज वाटायची. आजारी माणसाची आपण एसटी केली आहे असं लोक म्हणतील, ही भीती. मानेबाईंनाही सांगितलं नसतं. पण त्यांची एक खोड होती. 'काय त्रास आहे' असं त्या विचारत नसत. "कालचा दिवस सांगा, उठल्यापासून," असं म्हणत आणि गप्प बसत. गप्प बसणाऱ्या माणसापुढे खोटं बोलणं फार कष्टाचं असतं. रेखानं दिवस सांगता सांगता फागणे सांगून टाकलं आणि जीभ चावली. बाईंनी सगळा रस्ता लिहून घेतला. त्यांच्या फॉर्मात 'समस्या' या मथळ्याखाली अर्धं पान होतं आणि तळाशी 'इतर' म्हणून एक ओळ. आमची सगळी गावं त्या एका ओळीत बसवताना त्यांचं अक्षर इतकं बारीक झालं की पाळधी समासात गेलं.

"हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कोनी नही," माय घाबरून म्हणाली. "चुकनं का?"

"नाही. मग मी यात हात घालत नाही."

त्यांनी घातलाच, पण थोडा. नको असेल तर डावा हात आडवा करायचा, एवढं त्यांनी आबांशी ठरवलं. कारण आमच्या रस्त्यावर 'नको' नावाचं गाव नव्हतं. पातळ पाणी त्यांना ठसकतं, ते चमच्यानं द्यायचं, मान किंचित खाली ठेवून, हे त्यांनी मला आणि रेखाला करून दाखवलं, म्हणजे ते फक्त मायचं काम राहिलं नाही. आणि मायला सांगितलं की रोज दुपारी एक तास घराबाहेर जायचं. माय म्हणाली, कुठे? बाई म्हणाल्या, ते मला कशाला सांगता. माय रोज एक तास कुठे जाते हे आम्हाला वर्षभर माहीत नव्हतं. मग रेखानं तिला पकडलं. ती स्टँडवर महिलांच्या बाकावर बसून मीठ लावलेला पेरू खात होती. कुठल्याही गाडीची वाट बघत नव्हती.

आता नाना. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ, जळगावला राहायचे, हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. चांगला माणूस. त्यांच्या बोलण्यात 'समाज' हा शब्द फार यायचा, आणि गंभीर झाले की ते अहिराणी सोडून शुद्ध बोलू लागायचे. झटक्यानंतर चौथ्या महिन्यात त्यांचं पत्र आलं, की रविवारी येत आहे, पुढील व्यवस्थेचा विचार करू. व्यवस्था त्यांनी आधीच केली होती, ती मामांकडून आम्हाला कळली. आबांना नाना जळगावला आपल्या घरी नेणार. माय आणि रेखा पारोळ्याला मामांकडे. माझ्यासाठी भुसावळचं एक स्थळ होतं, रेल्वेत. परीक्षा झाली की. दोन मुली आणि आजारी माणूस, घरात पुरुषमाणूस नाही, असं किती दिवस चालायचं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. त्यांच्याकडे आबांसाठी स्वतंत्र खोली होती, खोलीत नळ होता. त्यांना आमचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना फक्त आम्हाला तीन ठिकाणी ठेवायचं होतं.

आणि मायला यावर काही बोलता येत नव्हतं. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, बोलत नाही. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढते आणि दाराआड उभी राहते. काही सांगायचंच असलं तर पोरांना सांगते: "नानासले इचार, आखो भाकर लेतस का." म्हणजे आणखी भाकर घेतात का. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि माय नानांशी एक वाक्यही थेट बोललेली नव्हती. म्हणजे ज्यांच्या संसाराची वाटणी व्हायची होती त्या दोघांपैकी एकाची वाचा आजारानं गेली होती आणि दुसरीची रीतीनं. उरलो आम्ही मुली, आमचं कुणी विचारणार नव्हतंच. शनिवारी संध्याकाळी मी मानेबाईंच्या खोलीवर गेले आणि उद्या या म्हटलं. त्या म्हणाल्या, "येते. पण मी सांगायला नाही येणार काही. बसायला येते."

मला तेव्हा फार राग आला. बसायला आमच्याकडे माणसं पुष्कळ होती.

रविवारी नाना आले, पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत आबांसाठी केळी. मायनं पदर ओढला आणि दाराआड गेली. नानांनी शुद्ध मराठीत सुरुवात केली. "परिस्थितीचा स्वीकार करणं यालाच शहाणपण म्हणतात. समाजात आपल्याला मान आहे..." एवढ्यात सायकल लागल्याचा आवाज आला, कुलूप दोनदा ओढलं गेलं, आणि मानेबाई आत आल्या. आबा म्हणाले, "बठ्ठं." बाई बसल्या, आता अर्थ माहीत असूनही बसल्या.

"बाई, हा आमचा घरचा मामला आहे," नाना म्हणाले.

"हो ना. म्हणून तर चपला बाहेर काढल्या." मग त्या दाराकडे वळल्या. "वहिनी, इकडे या, माझ्याजवळ बसा. मला कालचा दिवस सांगा."

मायनं नानांकडे पाठ केली, पदर तसाच ठेवला, आणि बाईंकडे बघून काल सकाळी उठल्यापासून सांगायला सुरुवात केली. "बाई, त्यासले पातळ पानी ठसकस. चमचाघाई देनं पडस. मान वर करी का फुफ्फुसमा जास. आते तठे हाई कोनले माहीत शे? तठे खोली मोठी शे, नळ बी शे. नळले काय माहीत, मान खाले ठेवनी पडस ते?" तठे म्हणजे तिथे, नानांकडे.

नानांचा चेहरा केळ्यांकडे होता. ते खाकरले आणि बाईंना म्हणाले, "बाई, त्यांना सांगा की आमच्या घरीही माणसं आहेत. शिकतील."

"बाई, नानासले सांगा," माय म्हणाली, "का मी बी शिकनू. चार महिना लाग्नात. तवढामा दोनदा मराले टेकनात."

"त्यांना सांगा, मुलीचं वय झालं."

"नानासले सांगा, मुलगीनं वय बारावीनं शे."

अशा रीतीनं अठरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात जेठ आणि भावजय भांडले. मध्ये सरकारी नोकर बसलेला होता, त्यामुळे रीत कुठेही मोडली नाही. मानेबाईंनी एकाचंही म्हणणं दुसऱ्याला सांगितलं नाही. गरजच नव्हती, अंतर चार फुटांचं होतं. त्या फक्त बोलणाऱ्याकडे बघत होत्या. त्यांच्या धंद्यावर पुढे मी बरीच पुस्तकं लायब्ररीत आणली आणि त्यातली काही वाचलीही. पण समुपदेशक म्हणजे काय याची मला पटलेली व्याख्या त्या दुपारचीच आहे: जिच्याकडे बघून बोललं की तिसऱ्याला ऐकू जातं, ती.

शेवटी दोन्हीकडचं बोलून संपलं. मग बाई पहिल्यांदा काही म्हणाल्या. "नाना, त्यांना विचारलंत का?"

नानांनी आबांकडे पाहिलं. मला वाटतं, झटका आल्यापासून त्यांनी आबांना काहीच विचारलं नव्हतं. उत्तर येणार नाही म्हणून. ते खाटेजवळ सरकले, आणि त्यांची शुद्ध मराठी गळून पडली. "मधू," ते म्हणाले, "मनासंगे जळगावले येशी ना रे, भो?"

आता हा प्रश्न तसा विचारायला नको होता. आबांच्या कानावर जळगाव हे नाव पडलं की पुढे काय होतं ते आम्हा तिघींना माहीत होतं, नानांना नव्हतं. आबांनी मान ताठ केली आणि स्टँडवरच्या आवाजात सुरू केलं. "धुळे." मी मनात म्हटलं, थांबा. "फागणे." माय पाण्याच्या तांब्याकडे वळली. "मुकटी. पारोळा." थांबले नाहीत. "एरंडोल. पाळधी." पाळधी म्हणजे लोकांना घालवा. मी सवयीनं अर्धी उठले. पण ते तिथेही थांबले नाहीत. डोळे नानांवर होते. "जळगाव."

"दखा!" नाना ओरडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "दखा, तोच म्हनना! जळगाव म्हनना मना भाऊ!"

रेखा रडू लागली. माय खाली बसली. जळगावला आमच्या नकाशात काही अर्थच दिलेला नव्हता; चार महिन्यांत तिथवर जायची गरजच पडली नव्हती. मी बाईंकडे पाहिलं. त्या आबांकडे बघत होत्या, कारण आबांचं तोंड अजून उघडं होतं. गाडीचं नाव आणि गावं झाल्यावर नियंत्रकाला एक गोष्ट सांगायची उरते: ती कुठल्या फलाटाला लागली आहे. आबांनी डावा हात आडवा केला.

"रद्द," ते म्हणाले.

बऱ्याच वर्षांनी नाशिकला मेंदूच्या एका डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, पाठ असलेली मालिका अशा रुग्णांत शाबूत राहते, आणि तिचं शेपूट म्हणून तो शब्द आपोआप आला असण्याची शक्यता आहे. त्यात हेतू असेलच असं नाही. मी म्हटलं, आणि हात? ते म्हणाले, हाताचं सांगता येत नाही. मीही या बाबतीत अजून काही ठरवलेलं नाही. मानेबाईंनीही तेव्हा ठरवलं नाही. त्या नानांना म्हणाल्या, "पुन्हा विचारा. उलटं विचारा." नानांनी विचारलं, "मंग आठेच ऱ्हाशी, बठ्ठासमा?" म्हणजे इथेच, सगळ्यांत. आबा म्हणाले, "बठ्ठं." पुरावा म्हणून या उत्तराला किंमत नव्हती, गादीवर पाणी सांडलं तरी ते हेच म्हणत.

नाना बराच वेळ बसून राहिले. हरलेला माणूस आपल्या घरात बसला आहे आणि त्याला उठायला वाट नाही, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं. "नाना, तुम्ही मुख्याध्यापक होता ना? मोठ्यानं वाचायची सवय असेल. यांना पेपर ऐकायचा असतो आणि पोरींना अभ्यास. एक रविवारआड येता येईल?" नाना म्हणाले, बघतो. मग मायनं आबा पारोळ्याला थांबायची वाट न बघता सगळ्यांना जेवायला वाढलं. नानांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. त्या त्यांनी माझ्यामार्फत मागवल्या. रीत पुन्हा जागेवर आली होती.

ते खरोखरच आले, एक रविवारआड, सकाळच्या गाडीनं, टोपी घालून. अग्रलेखापासून सुरुवात करायचे. आबा साधारण दुसऱ्या परिच्छेदाला पाळधीला पोचायचे, आणि नाना भारावून आम्हाला म्हणायचे, बघा, गावांची नावं घेतोय, ओढ आहे त्याला. पाळधीचा अर्थ आम्ही त्यांना शेवटपर्यंत सांगितला नाही. भुसावळच्या स्थळाच्या जागी बारावीनंतर माझं बीए आलं, मग ग्रंथपालाचा कोर्स. माय स्टँडच्या कँटीनमध्ये भाकरी करू लागली. आबांचे पुढे चाळीसेक शब्द परत आले. त्यात माझं नाव होतं, रेखाचं नव्हतं, याचं तिला बरेच दिवस वाईट वाटायचं. मानेबाईंची वर्षभरात बदली झाली. जाताना त्यांनी आमच्या केसचा कागद बंद केला. 'निष्कर्ष' या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचलं: 'कुटुंब एकत्र आहे.'

ते बरोबर होतं. आम्ही चौघं त्या दोन खोल्यांत पुढे आठ वर्षं एकत्र राहिलो. त्यातली सलग तीन वर्षं मी आणि रेखा एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. टेबलफॅनचं तोंड कुणाकडे असावं, यावरून.